लेदरच्या सोफ्याला रंग द्यायचाय? आधी मिठाची बशी मांडा

श्रावण लागला की माझा फोन वाजायला लागतो. "ताई, गणपतीला मुंबईहून सगळी येणार. सोफा पार विटलाय. तेवढा रंग मारून द्या ना." मी सरळ नाही म्हणते. भाद्रपदात मारलेला रंग वरून सुकल्यासारखा दिसतो, आतून ओलाच राहतो, आणि आरतीला पांढरा लेंगा घालून आलेले काका सोफ्यावरून उठले की सगळ्या आळीला कळतं.

रत्नागिरीत आमचं कुशनचं काम आहे. बाबा रिक्षांचे हूड आणि सीटा शिवायचे. मी सोफ्यांकडे वळले, कारण गिऱ्हाईकच तसं यायला लागलं. मुंबईच्या ब्लॉकमध्ये नवा सोफा आला की जुना टेम्पोत घालून गावच्या घरी पाठवतात. तिथे पंख्याखाली सुखाने राहिलेलं लेदर इथे खाऱ्या हवेत येतं, वर्षातले बरेच महिने बंद घरात काढतं, आणि मे महिन्यात कुलूप उघडलं की घरचे कपाळाला हात लावतात. बसायच्या जागेचा रंग उडालेला, हातांवर चिरा, पाठीमागे बुरशीचे ठिपके. असा सोफा घरच्या घरी पुन्हा रंगवता येतो. रंग मारणं हा त्यातला सगळ्यात सोपा भाग आहे. खरी मेहनत असते तेल काढण्यात आणि कोरडी हवा गाठण्यात, म्हणून मी त्याबद्दलच जास्त बोलणार आहे.

लेदर आहे की नुसतं नाव

माझ्याकडे 'लेदर' म्हणून येणाऱ्या सोफ्यांतले पुष्कळसे रेक्झिनचे निघतात. सांगताना जिवावर येतं, कारण घेताना लेदरचे पैसे मोजलेले असतात. ओळखायला सोपं आहे. सोफा आडवा करा. तळाला पातळ काळं कापड पिना मारून लावलेलं असतं. त्याच्या एका कोपऱ्यातल्या चार पिना उचकटा आणि आत दुमडलेली कड बघा. उलट्या बाजूला मऊ, तंतूतंतूंचं दिसलं तर लेदर. विणलेलं कापड दिसलं तर रेक्झिन. वरूनही कळतं. कातड्यावरची छिद्रं आणि सुरकुत्या दोन ठिकाणी सारख्या नसतात, रेक्झिनवरचा ठसा मात्र ठरावीक अंतराने परत परत येतो. काडी लावून जाळून बघा असं कुणी सांगेल, तो उद्योग करू नका. सोफ्याच्या आत फोम असतो आणि तो भसकन पेट घेतो.

एकाच ठिकाणी बघून निर्धास्तही होऊ नका. बसायची जागा, पाठ आणि हातांचा वरचा भाग लेदरचा, आणि बाजू व मागचा भाग त्याच रंगाच्या रेक्झिनचा, असे सोफे सर्रास मिळतात. दिसायला सगळं एक असतं, रंग मात्र दोन्हीवर वेगळा बसतो.

तिसरा प्रकार म्हणजे वरचा पापुद्रा सुटून पडतोय आणि खाली कापड दिसतंय. हे पीयू, म्हणजे कापडावर पॉलियुरेथेन या प्लास्टिकचा पातळ थर दिलेलं नकली लेदर. दमट हवेत ओलाव्याने पीयूचा थर आतून तुटत जातो, म्हणून किनाऱ्यावर तो लवकर सोलतो. बॉन्डेड लेदरचीही तीच गत; लेदरचा चुरा चिकटवून त्यावर पीयूचाच थर दिलेला असतो. पापुद्रे सुटायला लागलेल्या सोफ्याला रंग लावू नका, पापुद्रा रंगासकट पडेल. त्याला नवं कव्हर शिवा आणि मोकळे व्हा.

खरं लेदर निघालं तर न दिसणाऱ्या जागी पाण्याचा एक थेंब सोडा. थेंब तसाच वर राहिला तर लेदरवर रंगाचा आणि फिनिशचा थर आहे. घरच्या सोफ्यांचं लेदर बहुतेक असंच असतं आणि पुढचं सगळं त्यालाच लागू आहे. थेंब आत मुरून गडद डाग पडला तर ते ॲनिलिन लेदर, म्हणजे डायमध्ये, आत मुरणाऱ्या रंगात, रंगवलेलं पण वर थर नसलेलं. तेही रंगवता येतं, पण एकदा त्यावर रंगाचा थर चढला की त्याचं मूळ रूप परत येत नाही. असा सोफा आला की मी घरातल्या सगळ्यांची संमती घेतल्याशिवाय हात लावत नाही. नंतर आजी म्हणतात, पूर्वीचाच बरा होता.

हवा

घरी वापरायचे लेदरचे चांगले रंग पाण्यात मिसळणारे असतात. त्यातलं पाणी उडालं की रंगाचा पातळ पडदा धरतो. जुलैत आपल्याकडे हवाच पाण्याने भरलेली असते, मग ते उडणार कुठे? वरचा थर ओढला जातो, खालचा चिकट राहतो, त्यावर दुसरा हात मारला की दोन्ही बिघडतात. म्हणून दिवाळी होऊ द्या. तुळशीच्या लग्नापासून शिमग्यापर्यंतचा काळ या कामाचा. एप्रिल-मेमध्ये ऊन भरपूर असतं म्हणून लोक फसतात; हवा तेव्हा परत दमट झालेली असते, आणि हातावरचा घाम लेदरवर टपकतो तो वेगळाच.

आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र, हायग्रोमीटर, बाजारात मिळतं. साठ-पासष्ट टक्क्यांच्या खाली काटा असेल तर काम सुरू करायला हरकत नाही. यंत्र नसेल तर स्वयंपाकघरातलं मीठ आहेच. शुद्ध मीठ साधारण ७५ टक्के आर्द्रतेला हवेतलं पाणी ओढून विरघळायला लागतं. आपल्या जाड्या मिठात मॅग्नेशियमचे क्षारही असतात, त्यामुळे ते त्याच्याही आधी ओलं होतं. मूठभर जाडं मीठ तव्यावर गरम करून कोरडं करा, सकाळी नऊला बशीत पसरून सोफ्याजवळ ठेवा आणि अकराला हात लावून बघा. खडे सुटे, कोरडे असतील तर लागा कामाला. बोटाला ओल लागली तर त्या दिवशी दुसरी कामं करा.

हिवाळ्यात सकाळी मतलई वारा सह्याद्रीकडून येतो, तो कोरडा. दुपारी खारा वारा सुटला की समुद्राची ओल आणि मीठ घेऊनच येतो. मांडवी, भाट्ये, गणपतीपुळे अशा समुद्राला लागून असलेल्या घरांत हा फरक हाताला कळतो. म्हणून रंगाचे हात सकाळी उरकायचे आणि दुपारी पश्चिमेच्या खिडक्या लावून घ्यायच्या. रात्री सोफा अंगणात ठेवू नका, दहिवराने भिजेल. काम पडवीत करा. उजेड चांगला मिळतो, वारा खेळतो आणि थेट ऊन लागत नाही. उन्हात रंग वरच्या वर सुकतो आणि लेदर आखडतं.

काय आणायचं

लेदर क्लीनर किंवा अगदी सौम्य लिक्विड साबण, आयसोप्रोपिल अल्कोहोल, सहाशे आणि हजार नंबरचा पॉलिश पेपर, चिरा असतील तर लेदरचा लवचिक फिलर, पाण्यात मिसळणारा लेदर कलर, त्यावर मारायचा टॉप कोट, रबरी हातमोजे, मास्क, पांढऱ्या सुती चिंध्या भरपूर. स्पंज विकत घेऊ नका. जवळच्या कुशनवाल्याकडे जा, बारीक छिद्रांच्या फोमचे कातरे तो फुकट देईल. रत्नागिरीत लेदरचे रंग हवे तसे मिळत नाहीत, ते मी ऑनलाइन मागवते किंवा आंबा घाटातून कोल्हापूरला जाणारं कुणी असेल तर त्याला चिठ्ठी देते.

रंग घेताना मात्र डोळे उघडे ठेवा. बाजारात दोन जाती आहेत. 'डाय' लेदरमध्ये मुरतो, पारदर्शक असतो आणि रंग फक्त गडद करू शकतो. फिनिश असलेल्या सोफ्यावर तो मुरतच नाही, वर बसून राहतो आणि पुढे कपड्यांना लागतो. आपल्याला हवा आहे तो 'पिगमेंट' असलेला रंग, जो वर पातळ पडदा धरतो आणि खालचं झाकतो. बाटलीवर नुसतं 'लेदर कलर' लिहिलं असेल तर विचारून घ्या. बुटाचं पॉलिश, भिंतीचा रंग, दाराचा ऑइलपेंट यांतलं काहीही चालणार नाही. पॉलिश कपड्यांना लागतं, आणि ऑइलपेंटला माणूस बसल्याबरोबर चिरा जातात.

एका खुर्चीला पाव लिटर, तिघांच्या सोफ्याला अर्धा ते पाऊण लिटर रंग लागतो. जुना रंग गडद आणि नवा फिका असेल तर जास्त.

तेल, तेल आणि तेल

इथे घाई करणाऱ्याचा सोफा महिन्याभरात माझ्याकडे येतो.

कोकणातल्या सोफ्याचा सगळ्यात अवघड भाग म्हणजे डोकं टेकायची जागा. आपल्याकडे खोबरेल केसांना लावत नाहीत, चोपडतात. वर्षानुवर्षं आजोबा एकाच जागी डोकं टेकून बातम्या बघतात आणि तिथलं फिनिश घामाने, तेलाने झिजतं. मग तेल आत शिरतं. ती जागा जवळून बघा. आजूबाजूच्या लेदरपेक्षा काळपट आणि तुकतुकीत दिसते, बोट ठेवलं तर थांबत नाही, सरकतं. शिवणीतला धागा मूळचा तपकिरी असला तरी तिथे काळा झालेला असतो. नखाने हलकेच खरवडलं तर नखात मऊ, पिवळसर मेण येतं. ते मेण म्हणजे तेल, घाम आणि धूळ. त्यावर जगातला कुठलाही रंग धरत नाही.

आधी सोफा कोरडा झाडून घ्या. शिवणींत ब्रश घालून माती काढा. लाल माती ओली झाली तर धाग्यात बसते आणि मग निघत नाही. मग कोमट पाण्यात साबणाचे चार थेंब टाकून फेस करा आणि पिळलेल्या फडक्याने, नुसत्या फेसाने पुसा. पाणी ओतायचं नाही. धुण्याचा सोडा किंवा कपड्यांची पावडर तर अजिबात नको. लेदर मुळात आम्लधर्मी असतं, अल्कलीने ते कडक होतं. पुन्हा दोनदा स्वच्छ पाण्याच्या फडक्याने पुसा. हे पुसणं खाऱ्या हवेसाठी आहे. रंगाखाली मीठ राहिलं तर ते पावसाळ्यात ओल ओढतं आणि रंगाला फोड येतात.

सोफा पूर्ण वाळला की तेलकट जागेवर कॉर्नफ्लोअर किंवा टाल्कम पावडर जाड थर देऊन रात्रभर राहू द्या. सकाळी ती पिवळट, गोळे झालेली दिसेल. झाडून टाका आणि परत लावा. पावडर पांढरीच राहायला लागली की पुढे जायचं. हेअर ड्रायरने ती जागा जराशी कोमट केली तर आतलं तेल वर येतं, ते टिश्यूने टिपून घ्या. आजोबांची जागा असेल तर याला दोन-तीन दिवस द्या.

मग आयसोप्रोपिल अल्कोहोल. चिंधी ओली करून हाताएवढा भाग गोल-गोल पुसायचा. चिंधीवर जुना रंग उतरेल. घाबरू नका, उतरायलाच हवा, कारण वरचं जुनं फिनिश निघाल्याशिवाय नवा रंग पकडत नाही. चिंधी मळली की बदला. तीच फिरवत बसलात तर तेल इकडचं तिकडे होतं. चमक जाऊन लेदर एकसारखं मंद दिसायला लागलं की थांबा. फार चिवट फिनिश असेल तर थोडं ॲसिटोन वापरतात, पण ते जपून. ते रंगाबरोबर लेदरलाही कोरडं करतं. दोन्ही द्रव पेट घेतात, तेव्हा देवघरातली समई, उदबत्ती, गॅस सगळं विझवून आणि दारं-खिडक्या उघडूनच बाटलीचं झाकण काढा.

झालं की नाही ते पाण्यानेच तपासायचं. ओलं फडकं फिरवा. पाणी सगळीकडे सारखं पसरलं तर जागा तयार. कुठे ते गोळा होऊन थेंबाथेंबांनी उभं राहिलं तर तिथे अजून तेल किंवा फिनिश आहे. सबंध सोफाभर तसं होत असेल तर घरात विचारा, गाडीच्या डॅशबोर्डला मारतात तो स्प्रे सोफ्याला कोण मारत होतं. त्यातल्या सिलिकॉनवर रंग सरकतो आणि बारीक बारीक गोल टिकल्या उघड्या राहतात. पुन्हा अल्कोहोल, पुन्हा नव्या चिंध्या. दुसरा उपाय नाही.

बुरशी असेल तर ती सगळ्यात आधी, आणि घराबाहेर. मास्क लावा, मऊ ब्रशने झाडा, मग अल्कोहोल आणि पाणी निम्मं-निम्मं करून पुसा आणि सावलीत वाऱ्याला वाळवा. घरात झाडलीत तर ती पुस्तकांच्या कपाटात जाऊन बसेल.

खिळ्यांकडेही बघा. जुन्या आरामखुर्च्या आणि काही सोफे यांना कडेने गोल डोक्याचे खिळे असतात. खाऱ्या हवेत लोखंडी खिळा गंजतो आणि त्याच्याभोवती निळसर काळं कडं पडतं. लोखंड आणि कातडं कमावण्याच्या सालीतलं टॅनिन एकत्र आलं की काळा रंग होतो. हिरडा आणि लोखंडापासून पूर्वी शाई करायचे ती याच गुणावर. हे कडं साबणाने जात नाही. गडद रंगाखाली झाकलं जातं, फिक्याखालून डोकावतं. रंगाच्या आधी ते खिळे काढून पितळी घाला.

घासणं आणि भरणं

हजारच्या पॉलिश पेपरने सगळा सोफा हलक्या हाताने घासा, चिरांच्या कडा सहाशेने. कातडं गुळगुळीत करायचं नाहीये, रंगाला धरायला नुसती जागा द्यायची आहे. धूळ पुसून टाका. चिरांत लेदर फिलर जुन्या प्लास्टिक कार्डाने पातळ दाबून भरा, वाळू द्या, घासा, परत भरा. एकदम जाड थोपलात तर पहिल्याच बसण्याला तो उखडेल. एम-सील, पुट्टी, फेव्हिकॉल यांना इथे काम नाही, कारण सोफा वाकतो आणि ते वाकत नाहीत.

कुठला रंग

फिक्यावरून गडद जाणं सोपं. तपकिरीवरून काळा, टॅनवरून चॉकलेटी, एवढं पहिल्यांदा करणाऱ्याला पुरे. मरूनवरून टॅन करायचा तर मध्ये राखाडी किंवा बेज रंगाचा हात द्यावा लागतो, नाहीतर लाली खालून दिसत राहते. क्रीम आणि पांढऱ्याबद्दल माझं मत विचाराल तर कोकणात घेऊच नका. अंगणातली तांबडी माती पायाने घरात येते, पोरं सोफ्यावर पाय घेऊन बसतात, आणि पहिल्याच पावसाळ्यात क्रीमचा गेरू होतो. काळ्यावर धूळ दिसते हे खरं, पण ती पुसता येते.

दोन रंग मिसळायचे असतील तर पुऱ्या सोफ्याला पुरेल एवढे एकदाच मिसळा. उशीला वेगळा घाणा आणि हाताला वेगळा घाणा झाला की छटा जुळत नाही. ओला रंग जरा फिका दिसतो, वाळल्यावर गडद होतो, म्हणून सोफ्याखाली एक पट्टी मारून वाळवून बघा आणि दिवसाच्या उजेडात ठरवा. ट्यूबलाइटखाली निवडलेला चॉकलेटी सकाळी जांभळा निघू शकतो.

रंगाचे हात

उशा निघत असतील तर काढून घ्या. भिंतीचा, लाकडाचा, पायांचा भाग चिकटपट्टीने झाका. रंग हलवून घ्या. बाटली जोरात हापटली तर बुडबुडे होतात. काठीने ढवळा आणि जुन्या सुती कापडातून गाळा.

फोमचा तुकडा किंचित ओला करून पिळा, रंगात टेकवा, कागदावर जास्तीचा टिपा. सुरुवात शिवणींपासून करा. एका हाताने शिवण ताणून उघडायची आणि आत रंग जाऊ द्यायचा, नाहीतर कुणी बसलं की शिवण उघडते आणि जुन्या रंगाची रेघ दिसते. मग एका शिवणीपासून दुसऱ्या शिवणीपर्यंतचा एक भाग घ्या, पूर्ण करा, पुढे जा. अर्ध्यात चहाला उठलात तर जोड दिसतो. लाईट गेली म्हणूनही थांबावं लागतं, म्हणून हे काम पंखा आणि ड्रायरच्या भरवशावर नको, खिडकीच्या भरवशावर करा.

पहिला हात पातळ, घासून, छिद्रांत बसवायचा. तो आंबोळीसारखा जाळीदार दिसतो आणि करणाऱ्याचा धीर सुटतो. त्यावर लगेच जाड रंग फासू नका. कोरड्या हवेत अर्धा-पाऊण तास थांबा. हाताला गार लागत असेल तर अजून ओल आहे. वाळल्यावर एक परीक्षा घ्या. सेलोटेप दाबून चिकटवा आणि झटकन ओढा. टेपवर रंगाचे तुकडे आले तर त्या जागी तेल राहिलंय. तिथला रंग अल्कोहोलने पुसून मागे जा. आत्ता मागे जाणं स्वस्त आहे, पाच हात झाल्यावर नाही.

पुढचे हात गोल न फिरवता सरळ, आणि प्रत्येक वेळी दिशा बदलून. एक आडवा तर पुढचा उभा. तीन ते पाच हात पुरतात. शेवटचे दोन स्प्रे गनने मारले तर स्पंजाच्या खुणा राहत नाहीत. गन नसेल तर स्पंज जवळजवळ कोरडा ठेवून टिपत जा. रंगाने छिद्रं आणि सुरकुत्या बुजल्या तर समजा जाड झाला, मग तो प्लास्टिकसारखा दिसतो आणि चिरतोही लवकर. पाइपिंगला, म्हणजे कडेच्या गोल गोटाला, सगळ्यांपेक्षा एक हात जास्त द्या. झिजायला सुरुवात तिथूनच होते.

रंग रात्रभर वाळू द्या. दुसऱ्या दिवशी मतलई वारा असतानाच टॉप कोट मारा, दोन-तीन पातळ हात. टॉप कोट मॅट घ्या. चकचकीत घेतलात तर प्रत्येक ओरखडा उठून दिसतो आणि उन्हाळ्यात मांड्या चिकटतात. होमस्टेवाल्यांनी त्यात क्रॉसलिंकर, म्हणजे थर जास्त टिकाऊ करणारा द्रव, घालावा. पर्यटक ओल्या कपड्यांनी, वाळूसकट बसतात आणि त्यांना सांगून उपयोग नसतो. क्रॉसलिंकर बाटलीवर दिलेल्या प्रमाणातच घाला आणि लागेल तेवढाच मिसळा. घातल्यावर मिश्रण काही तासांत निकामी होतं, उद्यासाठी ठेवता येत नाही.

दोन-तीन दिवस कुणी बसायचं नाही. मांजर असेल तर दार लावून घ्या. दोन आठवडे ओलं फडकं लावू नका, उशा एकमेकींना चिकटतील अशा ठेवू नका आणि वर वर्तमानपत्र तर मुळीच टाकू नका, अक्षरं उमटतात. त्यानंतर पांढरं फडकं ओलं करून एका कोपऱ्यात घासून बघा. फडकं पांढरं राहिलं की पांढरा लेंगा घालून बसायला मोकळे.

रेक्झिनचं काय

रेक्झिन शाबूत आणि मऊ असेल तर त्याच पद्धतीने रंगवता येतं, पण व्हिनाइलसाठीचा, म्हणजे रेक्झिनच्या वरच्या प्लास्टिकच्या थरासाठीचा, रंग घ्या आणि ॲसिटोन लांब ठेवा, त्याने वरचा थर विरघळतो. कडक झालेलं, मोडणारं रेक्झिन रंगवण्यात अर्थ नाही. त्यातला मऊपणा देणारा घटक उडून गेलेला असतो आणि रंगाने तो परत येत नाही. मी तर सांगते, रेक्झिनचा साधा सोफा असेल तर रंगाचा, फिलरचा आणि स्वतःच्या सुट्टीचा हिशेब घाला. बहुतेक वेळा नवं कव्हर परवडतं.

नंतर

डोकं टेकायच्या जागी सुती पंचा घाला आणि तो धूत जा. महिन्यातून एकदा पिळलेल्या फडक्याने पुसून मीठ काढा, लगेच कोरडं करा. लेदरला खोबरेल चोळायची सवय असेल तर मोडा. ते रंगाखाली शिरतं, खवट होतं आणि बुरशीला आयतं खाणं मिळतं. पावसाळ्यात सोफा भिंतीपासून वीतभर लांब ओढा. घर बंद करून मुंबईला जाताना प्लास्टिकमध्ये गुंडाळायचा मोह होतो. गुंडाळू नका, आत कोंडलेली ओल बाहेर पडत नाही. जुनी सुती चादर टाका आणि शेजारच्या काकूंना किल्ली देऊन पंधरा दिवसांनी खिडक्या उघडायला सांगा.

उरलेला रंग काचेच्या छोट्या बाटलीत काठोकाठ भरा, म्हणजे वर हवा राहत नाही. झाकणाखाली प्लास्टिकचा तुकडा घाला, वर सोफ्याचं नाव आणि मिसळलेलं प्रमाण लिहून ठेवा. पुढच्या हिवाळ्यात पाइपिंग पांढुरकं दिसायला लागलं की सगळा सोफा काढायची गरज नाही. तेवढी कड अल्कोहोलने पुसा, कानातल्या कापसाच्या काडीने दोन हात द्या, वाळल्यावर टॉप कोट टिपा.